थियोतिमोसविरुद्धचं भाषण

बोएद्रोमिओन महिना, दिवस २

जेवण जात नाही. गावाची यादी पुन्हा तपासायची, असा अथेन्सचा हुकूम आहे. एकेक नाव वाचणार आणि गाव शपथेवर मत देणार — आईबाप दोघंही अथेन्सचे होते की नाही. माझी आई मेगाराची, म्हणजे परक्या शहराची, असं आत्या म्हणायची. खरंखोटं आत्यालाच ठाऊक, आणि ती मेली. आज विहिरीपाशी दोघं कुजबुजत होते. मला बघून गप्प झाले. माझ्याबद्दलच असणार.

दिवस ३

केलं एकदाचं.

माझ्या आधी थियोतिमोसचं नाव आलं. लहानपणापासूनचा सोबती. मी उठलो आणि म्हणालो, याचा बाप दहा वर्षं लेम्नोस बेटावर होता, बायको तिथूनच आणली. इतकंच. पुढचं गावानं केलं. मतं त्याच्याविरुद्ध गेली. मग माझं नाव कुणी धड ऐकलंही नाही — हात वर, पुढचा!

तो कोर्टात दाद मागणार म्हणे. हरला तर गुलाम म्हणून विकतात. गावाच्या वतीनं बोलायला मलाच नेमलं. सुरुवात यानंच केली ना, म्हणाले. आता मी हरलो तर विचारतील — याला एवढी घाई कसली होती?

दिवस ६

भाषणं लिहून देणाऱ्या दिओक्लेसकडे गेलो. माझी शाळा अर्धीच, लांब वाक्यात दम लागतो. त्यानं आखूड वाक्यं लिहिली.

मग विचारलं, सोळाव्या वर्षी कुळाच्या सणात थियोतिमोसचे केस कापले, बापानं वेदीवर हात ठेवून ‘हा माझा औरस मुलगा’ अशी शपथ घेतली, ते पाहिलेलं कोण उरलंय? मी बोटं मोजली. सगळे मेले. उरलो मी. आमची दोघांची शपथ एकाच दिवशी, एकाच वेदीपाशी झाली होती.

दिओक्लेस हसला. “मग आजोबा, त्याचा साक्षीदार तुमच्याच तोंडात आहे. मिटून ठेवा.”

दिवस ९

पाठ होत नाही. कोर्टात वाचून दाखवलेलं चालत नाही. बायको, फिलिन्ना, लोकर विंचरत ऐकते.

आधी बोलायचं आम्ही. म्हणून दिओक्लेसनं थियोतिमोसचं सगळंच आधी काढून घेतलंय — ‘तो म्हणेल, मला बोलायची सवय नाही. मग नातवंडं पुढे करील. मग रडेल.’

फिलिन्ना म्हणाली, “तुम्हाला तरी कुठे सवय आहे?” चाळीस वर्षं हिचं हेच.

दिवस १२

पाचशे एक न्यायाधीश. अर्धे कांदा खात होते. वेळ मोजायच्या घागरीचं बुडाशी लावलेलं बूच काढलं, पाणी सुरू झालं, आणि मी पहिलं वाक्यच विसरलो. पण ‘मग रडेल’ला हशा आला! पुढचं आपोआप आठवत गेलं.

त्याची पाळी. “मला बोलायची सवय नाही—” बाक हसून हसून हलले. त्यानं नातवंडं पुढे आणली. आणखी हशा. धाकटी खरंच रडायला लागली, तर कुणीतरी तिची नक्कल केली. तो थांबला. माझ्याकडे वळला.

“दिफ्या, त्या दिवशी वेदीपाशी तू माझ्या शेजारी होतास. सांग यांना.”

मी घागरीकडे बघत राहिलो. पाणी संपेपर्यंत.

मत द्यायला प्रत्येकाला दोन चकत्या — भोकाची माझ्या बाजूची, भरीव त्याच्या. भोकाच्या तीनशे चाळीस निघाल्या. परतताना लोकांनी ते ‘मग रडेल’ दोनदा म्हणून दाखवायला लावलं. बाम मासा खाल्ला. छान झाला होता.

दिवस १३

थियोतिमोसला पिरेअस बंदरात नेलं. खिऑस बेटावरच्या व्यापाऱ्यानं विकत घेतला. आता गलबतावर असेल. फिलिन्ना भाकरी करपवते.

प्यानेप्सिओन, दिवस ४

त्या दिवशी घाईत मंजूर केलेली नावं पुन्हा वाचायची ठरली. मागून कुणीतरी मेगाराचा हेल काढला. सगळे हसले. मतं माझ्याविरुद्ध गेली.

दिवस ५

दिओक्लेसकडे धावलो. त्यानं दार अर्धंच उघडलं. माझ्याविरुद्धचं भाषण लिहायला गावानं त्याला आधीच धरलंय. तरी जुनी ओळख म्हणून एक गोष्ट विचारली.

“आजोबा, तुमचा बाप शपथ घेताना पाहिलेलं कोण उरलंय?”