सासूबाईंचे उपास

मार्गशीर्ष वद्य ४, सोमवार. अमडापूर.

आज कर्ज फिटले. तीन वर्षे पै-पैचा हिशेब ठेवला, तेव्हा कुठे सासूबाईंच्या गहाण पाटल्या सावकाराकडून सुटल्या. मीच त्यांच्या हातांत घातल्या. त्यांनी देवापुढे हात जोडले, तर पाटल्या थेट कोपरापर्यंत सरकल्या! इतके कसे वाळले हात?

म्हटले, "आता तरी उपास कमी करा, आई."

हसल्या. "उपास कायचे वो बाई? तुह्या हिशेबात जवारी पुरत नव्हती, म्हून देवाचं नाव घेतलं."

आणि मी त्यांची भक्ती गावभर सांगत होते! कोपरापर्यंत... देवा, मला कसे दिसले नाही?

संध्याकाळी गरम भाकरीवर तूप घालून वाढले. अर्धी खाऊन त्यांनी ताट सारले. "बस झालं वो. पोटाले आता सवय नाही राह्यली."