संघाला मॅनेजर लागतोच

४ जानेवारी, शनिवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कारण तसंच आहे. महिलांच्या वीस षटकांच्या आंतरजिल्हा स्पर्धेसाठी मी आमच्या संघाचा मॅनेजर झालो. काल बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, कोण तयार आहे? सगळे आपापल्या कपात बघायला लागले. मी एकटा ताठ मानेने समोर बघत होतो. नेतृत्व ते हेच. (बायकोचं म्हणणं, तुम्ही उशिरा पोचलात, प्रश्न काय होता ते तुम्हाला ठाऊकच नव्हतं. असो.)
संकल्प: रोज पहाटे मैदानावर. चषक आणायचा. भाचीला राज्य संघात पाठवायचं.
भाची म्हणजे ताईची मुलगी. वय एकोणीस, डावखुरी फिरकी. ताई शिवणकाम करते, आणि मशीनवर बसण्याआधी गेली सात वर्षं पोरीला स्कूटरवरून सरावाला सोडते. ती वाहतूक झाली. दिशा मी देणार.

६ जानेवारी, सोमवार
पहाट जमली नाही. थंडी. संध्याकाळी गेलो. मुलींना अर्धा तास मार्गदर्शन, विषय ‘विजयी मानसिकता’. यष्टिरक्षक दोनदा जांभया देताना आढळली. नोंद घेतली. कॅप्टन हॉस्पिटलात नर्स आहे, ड्यूटी संपवून थेट सरावाला येते. मार्गदर्शन संपल्यावर म्हणाली, सर, उजेड आहे तोवर बॉल टाकून घेऊ का? घ्या म्हटलं. मी अडवणारा माणूस नाही.

११ जानेवारी, शनिवार
पहिला सामना हरलो. कारणं: ऊन, खेळपट्टी आणि कॅप्टनचं दुर्लक्ष. मी सीमारेषेवरून रुमालाने खुणा करत होतो. दोनदा झटकला की बोलर बदल, तीनदा झटकला की फील्डर मागे. ही पद्धत मी स्वतः शोधली आहे. सामन्यानंतर कॅप्टनने काळजीने विचारलं, सर, तिकडे माश्या फार होत्या का?

१९ जानेवारी, रविवार
आज संघ माझ्यामुळे जिंकला. तारीख लक्षात ठेवण्यासारखी.
समोरच्या संघाची कॅप्टन पोस्टात आहे, घरोघरी टपाल वाटते. मुली तिला पोस्टवाली म्हणतात. टॉसच्या आधी दोन्ही संघांनी अकरा नावांचा कागद दिला. टॉस झाला, आणि मग त्यांच्या बोलरचा सरावात पाय मुरगळला. पोस्टवाली आमच्या कॅप्टनकडे आली. कागद दिल्यावर खेळाडू बदलायचा तर समोरच्या कॅप्टनची संमती लागते. आमची शहाणी लगेच हो म्हणणार होती! मी मध्ये पडलो. नियमपुस्तक खिशातच होतं. पान उघडून बोट ठेवलं. नियम म्हणजे नियम. ऑफिसात एकवीस वर्षं लोकांचे अर्ज तपासतोय. एक रकाना चुकला की अर्ज परत, मग समोर कोणीही असो.
त्या दहाजणीच खेळल्या. बदली मुलीला फील्डिंग करता येते, पण बोलिंग नाही आणि बॅटिंगही नाही. आम्ही अकरा धावांनी जिंकलो. आमच्या मुली नाचल्या नाहीत. कॅप्टन घरी जाताना माझ्याशी बोलली नाही. भारावली असावी.

२ फेब्रुवारी, रविवार
फायनलमध्ये! भाचीने उपांत्य सामन्यात चार बळी घेतले. चौथ्या बळीच्या आधी मी जोरात खाकरलो होतो. योगायोग म्हणणाऱ्यांनी म्हणावं.
मोठी बातमी: फायनल बघायला राज्य निवड समितीच्या बाई येणार. त्या एकच सामना बघणार आहेत आणि त्यांना डावखुरी फिरकी हवी आहे. ताईला फोन केला. ती म्हणाली, तू नीट बघ हं सगळं. अगं, मी नाही बघणार तर कोण?
फायनलमध्ये समोर पुन्हा पोस्टवाली.

८ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ५
उद्याची योजना तयार. संघाचा कागद मीच भरणार. दहा नावं आधी लिहायची, भाचीचं नाव अगदी शेवटच्या क्षणी. कागद टेबलावर पडला की कोणीही डोकावतं, हुकमाचा पत्ता आधी का दाखवायचा? बायको म्हणाली, अहो, ती खेळणार हे त्यांना माहीतच आहे की. हिला डावपेच कळत नाहीत.
नवा शर्ट इस्त्री करून घेतला.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८.४०
दहा नावं लिहिली. अक्षर सुंदर आलंय. अकरावी ओळ मोकळी. कॅप्टनने कागद बघायला मागितला. म्हटलं, तू टॉसकडे लक्ष दे.

सकाळी ९.३५
गडबड झाली आहे. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी विपर्यास करायला नको.
फोटोग्राफर आला. मॅनेजर सही करतानाचा फोटो हवा म्हणाला. निवड समितीच्या बाई बाजूलाच उभ्या होत्या. मी मान जरा तिरकी केली आणि सही केली, खाली सुवाच्य अक्षरात पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. फोटो छान आला. कॅप्टन कागद घेऊन टॉसला पळाली.
मग लाउडस्पीकरवर नावं. दहा झाली. अकरावं नाव माझं. वडिलांच्या नावासकट.
आधी वाटलं, सत्कार आहे. हात जोडून उभाही राहिलो. मग लोक हसायला लागले.

सकाळी १०.०५
कॅप्टन पोस्टवालीकडे गेली. मीही गेलो, समजावलं की ही किरकोळ लेखनिक चूक आहे, मॅनेजरची ओळ छापणाऱ्यांनी फारच खाली छापली आहे. पोस्टवालीने शांतपणे सगळं ऐकलं. म्हणाली, सर, नियम म्हणजे नियम. त्या दिवशी आमची मुलगी बाकावर बसून रडत होती, तेव्हा तुम्ही पान उघडून दाखवलं होतंत. मग भाचीकडे वळून म्हणाली, तुझ्यासाठी वाईट वाटतंय गं. पण तीही तुझ्याच वयाची आहे.
काय हा खिलाडूपणाचा अभाव!
भाची बदली फील्डर म्हणून मैदानात गेली. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण छपाई तर माझी नाही ना.

दुपारी १.३०
हरलो. तीन धावा हव्या होत्या, दोन चेंडू बाकी होते, नववी विकेट पडली आणि अंपायरने बेल्स उचलल्या. आमच्याकडे अकरावी खेळाडू नव्हती. स्कोअररने माझ्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलं. मी त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो! सांगितलंही तसं. तो म्हणाला, मग पॅड बांधा. सगळी मांडवभर माणसं हसली. निवड समितीच्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ती डावखुरी मुलगी बोलिंग का करत नव्हती? कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं.

१० फेब्रुवारी, सोमवार
आज पायांच्या दुखण्याची रजा. अध्यक्षांना चार पानी पत्र लिहिलं. मुद्दे: कागदाची सदोष रचना, फोटोग्राफरची ढवळाढवळ, कॅप्टनचा हलगर्जीपणा (तिने कागद तपासायला हवा होता). तिसऱ्या पानावर थांबलो. मीच तिला तपासू दिला नव्हता. ते वाक्य गाळलं. पत्र जास्त जोरकस झालं.

१६ फेब्रुवारी, रविवार
राज्य संघाच्या सराव शिबिराची यादी लागली. पंचवीस नावं. तीनदा वाचली, खालून वरही वाचली. भाचीचं नाव नाही. समितीचं म्हणणं, जिचा खेळ बघितलाच नाही तिला घेणार कसं? डावखुरी फिरकी दुसऱ्याच कुठल्या जिल्ह्याची घेतली.
ताईकडे गेलो. मशीन चालू होतं. मी बोलत होतो तोवर तिने ते थांबवलं नाही. म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की. ती म्हणाली, जेवून जा. भूक नव्हती. तरी जेवलो.

२३ फेब्रुवारी, रविवार
अपयश धुऊन काढायचं. पुढच्या हंगामाची योजना आजच. वही नवी, रकाने लाल शाईत. बैठक बोलावली, संध्याकाळी साडेपाच, मैदानावर. कोणी आलं नाही. मुलींच्या परीक्षा असतील. (यष्टिरक्षक बेकरीत कामाला आहे. तिची कसली परीक्षा, ते विचारायला हवं.)
कानावर आलंय, पोस्टवालीने भाचीला आपल्या संघात बोलावलं आहे. शत्रूचा डाव! संघ सोडायचा तर मॅनेजरची सही लागते. बघू या, कशी जाते.

१ मार्च, शनिवार. सकाळी ११
भाची आली. हातात फॉर्म. मी तिला बसवलं, पेन काढलं, पण आधी बोललो. चांगली पस्तीस मिनिटं. निष्ठा म्हणजे काय. संघ म्हणजे घर. माझ्या मार्गदर्शनाखाली अजून दोन वर्षं राहिलीस तर कुठल्या कुठे जाशील. समोरचे लोक गोड बोलतात, पण आपलं माणूस ते आपलं माणूस. शेवटी स्पष्ट सांगितलं, तुझ्या हितासाठीच मी सही करणार नाही.
तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मामा, सही नकोय. ती कॅप्टनने केली. गेल्या आठवड्यापासून मॅनेजरची जागा रिकामी आहे ना.
मला कोणी कळवलं नाही, म्हटलं.
ती म्हणाली, म्हणूनच आले. आई म्हणाली, त्याला दुसऱ्या कोणाकडून कळू नये.
बरं, म्हणालो. पुढच्या शनिवारी तिचा पहिला सामना आहे. येऊ का, असं विचारणार होतो. नाही विचारलं. ती गेल्यावर पेनाला टोपण लावलं.