चिंधी बांधलेली फांदी

प्रिय आई,

आज श्रावणातला सोमवार, तू गेल्यानंतरचा पहिला. तुझ्या समाधीवर बेल वाहून मानवतच्या घरी आले आणि लगेच लिहायला बसले. काल परसात जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

काल परभणीहून आले तर अप्पा परसात उभे, पाठीवर शेजाऱ्यांचा फवारणीचा पंप! जन्मभर आडत दुकान सांभाळलेला हा माणूस. कढीपत्ता कुठला हेसुद्धा तुला विचारायचा. आणि निघाला होता तुझ्या बेलावर औषध मारायला!

"अप्पा, हे काय करायलाव?"

"अळ्या पडल्यात. एक पान धड ठेवलं न्हाई. उद्या तुज्या आईला फाटकी पानं वाहू व्हय?"

आता काय बोलायचं, सांग! फाटका बेल वाहत नाहीत, हे तूच आम्हाला शिकवलंस. पण वरच्या फांद्या महादेवाच्या आणि खालच्या अळ्यांच्या, ही वाटणीही तुझीच. शेजारणी बेल मागायला आल्या की तू स्टुलावर चढायचीस, पण खालचं पान तोडायची नाहीस. त्या म्हणायच्या, "लय जंगल करून ठेवलंव बाई!" तू नुसती हसायचीस.

हे सगळं अप्पांना कधी सांगितलंस का गं? मला सांगितलंस, बुलबुलांशी बोललीस, खारींना रागावलीस. आणि अप्पा दुकानातून आले की त्यांना फक्त जेवायला वाढलंस! राग आला मला तुझा.

मी पुष्कळ समजावलं. या अळ्यांचीच फुलपाखरं होतात, बुलबुल पिलांना याच अळ्या भरवतो, औषध त्यांच्याही पोटात जाईल. अप्पांचं एकच, "तुज्या आईच्या नावाचं काम हाय, मधी पडू नको." आणि पंपाचा दांडा हलायला लागला.

मग मला एकच सुचलं. आत गेले, दांडीवरच्या तुझ्या लुगड्याची पट्टी टर्रकन फाडली आणि खालच्या फांदीला बांधली.

बियाण्याच्या दोडक्याला तू अशीच चिंधी बांधायचीस ना? चिंधी दिसली की कुणी हात लावायचा नाही. घरातला हा एक नियम अप्पांनाही पाठ होता. दांडा थांबला.

"बेलाचं काय बी धरायलीस?"

"फुलपाखरांचं."

ते वाकून बघायला गेले तर अळीने डोक्यातून नारिंगी शिंगं बाहेर काढली. अप्पा दचकून मागे! "शिंगं दाखवायलीय की ही!" तू गेल्यापासून काल मी पहिल्यांदा हसले, आई.

मग त्यांनी चिंधी बोटांनी चाचपली. "हे तिचं लुगडं न्हवं?"

मी मान डोलावली.

"ह्याला कशाला हात लावलीस? माजं धोतर न्हवतं का?"

त्यांनी ती गाठ सोडली, पट्टीची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. आतून धोतर आणून फाडलं आणि स्वतः फांदीला बांधलं. पंप शेजाऱ्यांकडे भरलेलाच परत गेला. त्यांच्या कपाशीच्या कामी येईल. आज सकाळी स्टुलावर चढून वरच्या फांद्यांची अख्खी पानं अप्पांनीच तोडली. तुला पुरेशी निघाली.

पण एक गंमत झालीय. आता परसात जिकडेतिकडे धोतराच्या चिंध्या! पोपटाच्या पेरूला, मुनियांच्या ज्वारीला, झाडून सगळ्या दोडक्यांना. भाजीला काही उरलं नाही, काल रात्री पिठलं केलं.

आज अंघोळीनंतर त्यांनी सदरा बदलला. जुन्या खिशातली तुझी पट्टी काढून नव्या खिशात ठेवली. मी बघितलंच नाही असं दाखवलं.

दर रविवारी येत जाईन, आई. भाजीला दोडका लागला तर बाजारातून आणीन, पण अप्पांनी बांधलेली एकही गाठ सोडणार नाही. आणि त्या पट्टीबद्दल त्यांना कधीच विचारणार नाही.

तुझी,
निमा