मीटरवरचं नाव

३ मार्च
हिशेब केला. छतावर तीन किलोवॅटची पॅनेलं, इन्व्हर्टर, बॅटरी — तीन लाख दहा हजार. सबसिडी अठ्ठ्याहत्तर हजार, तीही पॅनेलला. बॅटरीला दमडी नाही. सोलारवाला बसवेश म्हणाला, "काका, पॅनेलचं आलं की बॅटरीत घाला. खिसा एकच की." धंदा शिकलाय गडी.

बॅटरी हवीच. बायकोचं, द्वारकाचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर. काल लाईट दोन तास गेली, सिलिंडरवर निभावलं. ती बंद पंख्याकडं बघत राहिली.

६ मार्च
बसवेशला घर फिरवून दाखवलं. वडिलांनी, आबांनी घेतलेली जागा, आणि पंपाच्या मोटारी वायंडिंग करून मी चढवलेल्या भिंती. तिसऱ्याचा रुपया नाही, म्हणालो.

९ मार्च
अर्ज अडकला. वीजबिल अजून आबांच्या नावावर. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. नाव मुद्दाम बदललं नव्हतं — महिन्याला बिल यायचं, म्हातारा भेटून गेल्यासारखं वाटायचं. आता मीटर माझ्या नावावर झाल्याशिवाय सबसिडी नाही. त्याला दुसऱ्या वारसाची सही हवी. म्हणजे थोरल्या बहिणीची, हरणाआक्काची.

आक्का तेरखेड्याला. भाचीच्या लग्नात मला, सख्ख्या मामाला, फेटा बांधायचा राहिला. तेव्हापासून सात वर्षं मी बोलणं टाकलंय.

१० मार्च
फोन घेतला. ठेवला.

११ मार्च
द्वारका म्हणाली, "लाईट गेल्यावर मशीन तुमच्या ताठ्याला जोडू का?"
लावला फोन. आक्कानं एवढंच विचारलं, "द्वारकीला लई दम लागतोय का रं?"

१४ मार्च
आक्का एसटीनं आली. सही केली आणि द्वारकाजवळ जाऊन बसली. मी म्हणालो, "आक्का, त्या लग्नात—"
"च्या टाक आधी."
जाताना जुन्या कागदांची पिशवी दिली. "आबांनी माझ्यापाशी ठिवली हुती. हापिसात लागंल तुला."

१५ मार्च
पिशवीत या जागेची पावती निघाली. सगळी रक्कम आक्कानं भरलेली. तेव्हा ती फटाक्यांच्या कारखान्यात रोजानं जायची.