एकदाच विचारतात

१ सप्टेंबर
हॉस्टेलवर पोचलो. चार खोल्या, मध्ये एक किचन, आणि चार खोल्यांत चार देशांची माणसं. संकल्प : महिनाअखेरपर्यंत बाकी तिघं माझे जिवलग मित्र.
संध्याकाळी कोणीतरी दार वाजवलं. मी दिवा बंद करून श्वास रोखून बसलो. घाबरलो वगैरे नाही. थकलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी दार उघडू नये, एवढंच. 

४ सप्टेंबर
बिस्किटं संपली, म्हणून किचनमध्ये गेलो. शेजारच्या खोलीतला जेवत होता. माझ्याच वर्गात आहे. ताडमाड उंच, मी मनातल्या मनात लंबू म्हणतो. त्याने विचारलं, जेवतोस का? म्हटलं, नको.
पोटात कावळे ओरडत होते. पण पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा हावरट, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. दुसऱ्यांदा विचारलं की 'कशाला उगाच', तिसऱ्यांदा 'बरं, थोडंसंच', आणि मग बसायचं. लंबू ओके म्हणाला आणि उरलेलं फ्रीजमध्ये ठेवून मोकळा झाला. माझ्यादेखत. मी पाणी पीत उभा राहिलो.
मुलगा चांगल्या घरचा दिसतो. आग्रहाचं वळण तेवढं नाही. लावीन हळूहळू.

८ सप्टेंबर
मॅडमनी आज बॉम्ब टाकला. प्रोजेक्ट जोडीने करायचा, पार्टनर दुसऱ्या देशाचाच हवा, शुक्रवारपर्यंत नावं द्यायची. ज्याला पार्टनर नाही त्याने मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर एकट्याने बोलायचं. नापास झालात तर पुढच्या सत्राला प्रवेश नाही, म्हणजे बॅग भरा आणि घरी. मी स्वेटर चढवला. एसी फार होता वर्गात.
तेवढ्यात शेजारच्या बाकावरच्या कुरळ्या केसांच्या मुलीने विचारलं, आपण दोघं करूया का? म्हटलं, अगं नको, तुला माझ्यापेक्षा चांगलं कोणीतरी मिळेल. ही आपली नुसती रीत. ती म्हणाली, स्पष्ट सांगितलंस, थँक्स. आणि मागे वळली.
ती पुन्हा विचारेल म्हणून तासभर मान तिरकी ठेवली. मान धरली आहे. मुलगी बहुधा लाजाळू. उद्यापर्यंत वेळ देतो.

९ सप्टेंबर
कुरळीला मागच्या बाकावरचा पार्टनर मिळाला. घाई केली बिचारीने.
आईचा फोन. मित्र झाले का विचारत होती. म्हटलं, रांग लागली आहे, निवड चालू आहे. मागून मामा ओरडला, भीड ही भिकेची बहीण, हे लक्षात ठेव. मामाला परदेशातलं काय कळतंय? जन्मभर एका टेबलावर नोकरी केली.
रात्री झोप नाही. चहा स्ट्राँग झाला असावा.

१० सप्टेंबर
आजपासून लंबूचं शिक्षण. भात केला आणि त्याला विचारलं, जेवतोस का? पठ्ठ्या पहिल्याच फटक्यात हो म्हणाला. मला त्याच्या वतीने लाज वाटली.
अर्धी ताटली झाल्यावर पुरे म्हणाला. मी वाढलं. खरंच पुरे म्हणाला. आणखी वाढलं. त्याने ताटलीवर हात आडवा धरला, तर बोटांच्या फटीतून वाढलं. मावशी असंच करते. शेवटी तो ताटली छातीशी धरून भिंतीला टेकला.
प्रयोग यशस्वी.

११ सप्टेंबर
मी किचनमध्ये शिरलो की लंबू ताटली उचलून खोलीत जातो. संकोच असतो सुरुवातीला.
दुपारी मात्र त्याने दारातूनच, जरा लांबून, विचारलं. तुला अजून पार्टनर नाही ना? मलाही नाही, करूया? सकाळपासून मी आरशासमोर हो म्हणण्याची प्रॅक्टिस केली होती. इतकी की हनुवटी दुखत होती. आणि तोंडातून आलं, नको रे, तुला कशाला त्रास.
ओके म्हणाला. गेला.
लगेच त्याच्या दारापाशी गेलो. हात वर केला, खाली घेतला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ही आमच्या घराण्याची विद्या. शेवटी वाजवलं दार. आतून पावलं ऐकू आली आणि मी पळत माझ्या खोलीत. कडी लावली. काळीज इतकं धडधडत होतं की त्याला भिंतीपलीकडून ऐकू जाईल असं वाटलं. उद्या सकाळी नक्की सांगतो.

१२ सप्टेंबर
चौथ्या खोलीतलाही आमच्याच वर्गात आहे. मी उठायच्या आत लंबूने त्याच्याबरोबर नाव दिलं. मॅडमनी यादी वाचली. एकटा : मी.
कर्तबगार माणसं एकटीच काम करतात. मॅडमना तसं सांगणार होतो, पण बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो.
हॉल बघून आलो. खुर्च्या मोजायला लागलो आणि मध्येच सोडून दिल्या. मला भीती वाटते आहे. आई, मला फार भीती वाटते आहे. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहिलं.

१८ सप्टेंबर
प्रेझेंटेशन उद्या. लंबूच्या जोडीचं आजच झालं, त्याला उद्या सुट्टी. संध्याकाळी दार वाजलं. या वेळी उघडलं.
लंबू. म्हणाला, उद्या मी पहिल्या रांगेत बसू का? घाबरलास तर माझ्याकडे बघून बोल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांत माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. म्हटलं, नको रे, माझ्यासाठी तुझी सकाळ कशाला फुकट घालवतोस.
बरं म्हणाला.
पण येईल तो. आता त्याला आपली रीत कळली असेल. माणूस जात्याच हुशार आहे.

१९ सप्टेंबर
हॉलबाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे. आत टाळ्या वाजल्या. पुढचा नंबर माझा.
काचेतून पाहिलं. पहिल्या रांगेत लंबू नाही. मधल्या रांगेत नाही. मागेही नाही. माझ्या शब्दाचा मान राखला त्याने.
अक्षर वाकडं येतंय, पेन घामाने निसटतंय. पहिलं वाक्य आठवत नाही. दुसरं आठवतंय, पण ते पहिल्याशिवाय कळणार नाही. घशाला इतकी कोरड पडली आहे की आवंढा गिळता येत नाही. ठरवलं आहे, आजपासून कोणी काहीही विचारलं तर पहिल्याच फटक्यात हो.
मॅडम बाहेर आल्या. माझ्याकडे बघून थांबल्या, आणि विचारलं, पाणी हवंय का?
म्हटलं, नको.