धडधाकट बेअरिंगचं ऑपरेशन

माझ्या नातीला हसलास ते हसलास, वर फोन स्पीकरवर आहे हे माहीत असून हसलास! “यंत्राचा आजार ओळखायला कान लागतो, कॉम्प्युटर नाही,” म्हणे. ज्या कानाचा तू एवढा तोरा मिरवतोस, त्याला हल्ली दाराची घंटाही ऐकू येत नाही, असं तुझ्या बायकोनेच मला सांगितलंय. पोरगी तेव्हापासून तुझं नाव काढत नाही.

असो. धाकट्या भावाला थोरल्या बहिणीचे भरपूर आशीर्वाद. तब्येत ठीक असणारच. बिघडली असती तर तू गावभर कळवलं असतंस. माझे गुडघे आहेत तिथेच आहेत. पत्र अशासाठी की फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस.

तर ही शिकतेय ते असं: पोटाशी लोहचुंबक असलेली एक डबी यंत्राला चिकटवायची, की यंत्र किती आणि कसं थरथरतं त्याची रेघ पडद्यावर उमटते. रेघेला टोकं येतात, आणि कुठलं टोक कुठे आलं त्यावरून दुखणं ओळखायचं. चाक एका अंगाला जड झालं तर दर फेऱ्याला एकदा ढुसणी देतं. (मला तुझे मेव्हणे आठवले.) सरावासाठी तिने घरातलं काही सोडलं नाही. पंखा झाला, फ्रिज झाला, मिक्सर झाला, माझं शिवणयंत्र तर दोनदा. माझ्या गुडघ्यालाही डबी लावून पाहिली. आत लोखंड नाही म्हणून चिकटली नाही आणि मी सुटले.

मग खालच्या लाँड्रीतलं कपडे वाळवायचं मोठं यंत्र खडखडायला लागलं आणि हिला आयता रोगी मिळाला. डबी चिकटवली, रेघ पाहिली, आणि बेअरिंग गेलं म्हणून ठणकावून सांगितलं. लाँड्रीवाल्याने बिचाऱ्याने सगळं यंत्र उघडलं. बेअरिंग आरशासारखं चकचकीत! इकडे हॉटेलच्या ओल्या चादरींचा डोंगर, तिकडे गिऱ्हाइकांची बोंबाबोंब. तो तरातरा वर आला. “आजी, तुमच्या डॉक्टरीणबाईंनी धडधाकट माणसाचं पोट फाडलं!” मी त्याला जागच्या जागी गप्प केलं, दार लावलं, आणि मग हिची हजेरी घेतली. ही रडली नाही, जेवली मात्र नाही. सारखी ती रेघ पाहत बसली. मधेच ओरडली, “आजी, मी पत्र्यावर लावली!” म्हणजे बेअरिंग जिथे बसतं त्या जाड लोखंडावर लावायची डबी हिने बाहेरच्या पातळ झाकणावर लावली होती, आणि खडखडत होतं ते झाकण. (ताप बघायला थर्मामीटर सदऱ्याला लावावा, तसं.)

दुसऱ्या दिवशी स्वतः खाली गेली. चूक माझी म्हणाली. त्याने ऐकवायचं ते ऐकवलं, तिने ऐकून घेतलं. (हा गुण आपल्या घराण्यातला नाही.) मग बरोबर जागचा रंग खरवडून डबी लावली, तर रेघेत ढुसणीचं टोक! आतल्या पंख्याच्या पात्यांवर एकाच अंगाला कपड्यांचे तंतू भिजून थापले गेले होते. ब्रशने घासले, आणि यंत्र असं शांत झालं की ते बंद पडलं समजून लाँड्रीवाला धावत आला.

तुझी ताई

ता. क. बाकी काम काही नाही. फक्त परीक्षेला कारखान्यातल्या मोठ्या यंत्राच्या रेघा लागतात, लाँड्रीच्या चालत नाहीत, आणि ओळखीशिवाय तिला कुठलाच कारखाना आत घेत नाही. रेघा नाहीत तर परीक्षा नाही. तुझ्या जुन्या कारखान्यात पंप सांभाळणारा फोरमन तुझ्याच हाताखाली शिकलाय, त्याला सांग. तूही जा. तू नेहमीसारखा स्क्रूड्रायव्हर पंपाला टेकवून मूठ कानाला लाव, ती डबी लावेल. दोघांचं निदान वेगळं निघालं तर आधी डबीची जागा तपासा, मग तुझा कान.

आणखी ता. क. हे पत्र तिच्या नकळत लिहिलंय. मला जोडाक्षरं कधीपासून यायला लागली, ते विचारू नकोस. उत्तर तू स्वतः लिही, बायकोला लिहायला बसवू नकोस. आणि पाकिटावर नाव तिचं घाल, माझं नको.