मीठ माझ्याच मापाने

मी, कोपऱ्यावरच्या बेकरीची मालकीण, जिला सगळी गल्ली पाववाल्या काकू म्हणून हाक मारते, आज आपल्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. त्यावर केस नाहीत, एवढाच काय तो फरक. मला कोणी धमकावलेले नाही की फूस लावलेली नाही. उलट घरातल्या प्रत्येकाने "कशाला हे अभद्र लिहीत बसतेस" म्हणून माझे पेन लपवून पाहिले. तेव्हा दबाव असलाच तर तो न लिहिण्याचा होता, आणि तो मी जुमानलेला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वेळच मिळाला नाही.

प्रकृतीविषयी लिहिणे भाग आहे म्हणून लिहिते. मागच्या वर्षी माझ्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झाले, केमो झाले, आणि रेडिएशन, ज्याला हॉस्पिटलच्या बाकावर बसलेले आम्ही सगळे शेक म्हणतो, तेही नुकतेच संपले. पुढच्या महिन्यात मोठी तपासणी आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, सगळे चांगले दिसते आहे. मीही तसेच म्हणते. पण ट्रे भट्टीत सरकवला की पाव कसा निघेल हे दार उघडेपर्यंत कोणी छातीठोकपणे सांगू नये, म्हणून जे सांगायचे ते आधीच सांगून ठेवते.

वकीलबाई आमच्या टोस्टच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी समजावले की हाताने लिहिले तरी चालते, फक्त सही दोन साक्षीदारांसमोर व्हायला हवी. आणि एक गोष्ट त्यांनी बोट उगारून बजावली: ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही, नाहीतर त्याला मिळायचे तेही जाते. या एका नियमाने माझे अख्खे घर साक्षीदारकीतून बाद झाले. म्हणून शेजारच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक आणि आम्हाला मैदा पुरवणारे पीठवाले, या दोघांना मी साक्षीला बोलावले आहे.

कलम १. बँकेत जे काही आहे त्यातून आधी हॉस्पिटलचे आणि औषधांच्या दुकानाचे काही राहिले असेल ते द्यावे. उरेल ते आमच्या ह्यांचे. त्यांनी ते जपून ठेवू नये. माझ्या दुखण्यात त्यांनी तीच एक पातळ चप्पल घासत हॉस्पिटलच्या फेऱ्या मारल्या. आधी चांगले बूट घ्यावेत आणि मग बाकीचा विचार करावा.

कलम २. बेकरीच्या वरचे घर ह्यांच्या हयातीत ह्यांचे आणि नंतर मुलगी व मुलगा दोघांचे सारखे. याला एक अपवाद आहे, तो कलम सहामध्ये येईल. तिथे पोहोचेपर्यंत कोणी तोंड वाकडे करू नये.

कलम ३. माझी मुलगी शहराची बस चालवते. तिला माझ्या बांगड्या आणि भट्टीत पाव सरकवायचे लांब दांड्याचे लाकडी फावडे द्यावे. पाव तिला जन्मात भाजता येणार नाही, हे मला माहीत आहे. पण केमोच्या दिवशी ती सुट्टी टाकून मला रिक्षाने न्यायची आणि वाटेत प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला अशी फैलावर घ्यायची की हॉस्पिटल येईपर्यंत तो घामाघूम व्हायचा. ते फावडे तिने दाराशी उभे करून ठेवावे. कधी कामाला येईल सांगता येत नाही.

मुलाला रस काढायचे यंत्र. इंटरनेटवर त्याला रोज एक नवा रामबाण उपाय सापडे आणि मला रोज एका नव्या भाजीचा रस प्यावा लागे. डॉक्टरीणबाईंनी कान उपटल्यावर तो थांबला. पण मी झोपले आहे असे समजून पलंगाच्या पायथ्याशी बसून तो हळूच म्हणाला होता, "आई, मला दुसरं काही करता येत नाही गं." बाळा, मी जागी होते. सगळे रस भयंकर होते आणि मी शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.

कलम ४. विग. मुलाने हौसेने आणला, मी एकदाच घातला, तेव्हा आमच्या ह्यांनी मला ओळख नसलेल्या पाहुणीसारखे "या, बसा" म्हटले. खरे तर तो चष्मेवाल्यांना द्यायचा होता, त्यांना गरज आहे. पण ते साक्षीदार आहेत, नियम म्हणजे नियम, म्हणून तोही ह्यांनाच.

आणि केसांवरून सांगते, ते गेल्याचे मला फारसे वाटले नाही. पावात केस सापडल्याची तक्रार तरी कायमची मिटली.

कलम ५. आमच्या मावसनणंदेला स्वयंपाकघरातली डुगडुगणारी खुर्ची. आजारात ती मला भेटायला आली, त्याच खुर्चीवर बसली आणि या रोगाने ओळखीतले कोण कोण गेले ते तिने चहा गार होईपर्यंत सांगितले. जाताना "तू मात्र हिंमत धर" म्हणाली. खुर्चीचा पाय कोणी दुरुस्त करून देऊ नये. माझे तिच्याशी वैर नाही. हे फक्त तिने आठवण ठेवावी म्हणून.

कलम ६. आता खरे कलम.

माझी धाकटी जाऊ. माझे दीर अचानक गेले तेव्हा एक पत्र्याची पेटी घेऊन ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, थोडे दिवस राहते." ते थोडे दिवस अजून चालू आहेत. मुलगी तेव्हा शाळेत होती, आता बस चालवते. धाकटीने बेकरीचा गल्ला सांभाळला, माझी मुले वाढवली, पण जिन्याजवळच्या खोलीत तिची पेटी कायम भरलेली असायची. कपडे पेटीतून काढायचे, धुवायचे, पुन्हा पेटीत ठेवायचे. कपाट घेऊ म्हटले की म्हणायची, "कशाला? मी काय इथली आहे?" तिच्या नावावर एक वीट नाही. मी गेले तर माझी मुले तिला जा म्हणणार नाहीत, ही मला खात्री आहे. पण कोणी न म्हणताच ती पेटी उचलून जिना उतरेल, याची मला त्याहून जास्त खात्री आहे. मरणाची भीती वाटते ती वाटतेच, पण माझी झोप उडते ती या पेटीने.

आमच्यात भांडण एकच, मिठाचे. पीठ आमचे हे मळतात. मळून झाले की कच्च्या पिठाची चिमूट जिभेवर ठेवायची आणि मीठ बरोबर आहे की नाही ते सांगायचे, हे काम या बेकरीत फक्त माझे. धाकटीचे मत पहिल्या दिवसापासून असे की आमच्या पावात मीठ कमी असते. माझे मत असे की तिची जीभ बथ्थड आहे. दोघींनीही माघार घेतलेली नाही.

केमो सुरू झाले आणि माझी चव गेली. जे खाईन ते लोखंडी चमचा चोखल्यासारखे लागे. एका सकाळी मी पिठाची चिमूट जिभेवर ठेवली आणि मला काही म्हणजे काही कळले नाही. ऑपरेशनच्या दिवशी मी रडले नव्हते. त्या दिवशी मैद्याच्या पोत्यावर बसून ढसाढसा रडले. धाकटी गल्ला सोडून आत आली, काही न विचारता तिने चिमूटभर पीठ तोंडात टाकले.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

"तुला कधी पुरेसं वाटलंय?"

"नाही ना. म्हणूनच सांगते. नेहमीएवढंच कमी आहे."

मला रडता रडता हसू फुटले. त्या दिवसापासून ती माझी जीभ झाली.

पुढे मी अंथरुणाला खिळले आणि मिठाचा डबा पूर्णपणे तिच्या हाती गेला. खोटे कशाला लिहू, मला संशय होता. एवढी वर्षे वाट पाहिलेली बाई, वर मालकीण आडवी, तिला चव नाही, कोण विचारणार? मी मुलीला चष्मेवाल्यांकडे गुपचूप पाव देऊन पाठवले. ते आमचा पाव माझ्या मुलांच्या जन्माआधीपासून खातात. त्यांचा निरोप आला, "काकूंना सांग, पाव तोच आहे." तरी मी ह्यांना खोदून विचारले. हे म्हणाले, "अगं, रोज चाखते. रोज म्हणते मीठ कमी आहे. आणि डब्याला झाकण लावते."

संधी असून तिने एक कणभर मीठ वाढवले नाही. मला याहून जास्त कोणी जपले असेल असे वाटत नाही.

आणखी एक. माझे रिपोर्ट, फिल्मा, औषधांच्या चिठ्ठ्या ठेवायला धूळ न लागणारी जागा हवी होती. मी काही म्हणायच्या आत धाकटीने तिची पेटी रिकामी करून माझ्या पलंगाखाली सरकवली. तिचे कपडे आता माझ्या कपाटात आहेत. मी त्यावर एक शब्द बोललेले नाही, बोलले तर ती परत काढून नेईल.

म्हणून लिहिते: खालची बेकरी, भट्टी, ट्रे, साचे, परात आणि मिठाचा डबा, तसेच जिन्याजवळची खोली, हे सगळे माझ्या धाकट्या जावेचे. मुलांना हे मी सांगितले आहे. मुलगी म्हणाली, "मग त्यात नवीन काय?" माझ्या मागे धाकटीने पावात हवे तेवढे मीठ घालावे. मी काही बोलायला येणार नाही.

कलम ७. हे कलम देवाघरचे आहे. भट्टीचे दार उघडण्याआधी आम्ही घरातले सगळे तिच्यासमोर उभे राहून एक प्रार्थना म्हणतो. ती ह्यांच्या वडिलांनी केली, कुठल्या पोथीत नाही: "देवा, भाजायचं ते नीट भाज, जळू नये ते जपून ठेव." मशीनखाली शेक घ्यायला पहिल्यांदा एकटी आडवी झाले, जाड दार बंद झाले. तेव्हा दुसरे काही आठवेना, हेच तोंडून निघाले. फक्त थोडे बदलले: जाळायचं ते नीट जाळ, बाकीची मी घरी हवी आहे. मशीन चालवणाऱ्या ताई बाहेरून माइकवर म्हणाल्या, "काकू, हलू नका. पण चालू द्या." शेवटच्या दिवशी त्या माझ्याबरोबर म्हणत होत्या. देव ऐकतो की नाही यावर मुलगा वाद घालतो. मला एवढेच माहीत आहे की त्या खोलीत मी एकटी नव्हते. ही प्रार्थना मी दोन्ही मुलांना समसमान देते, आणि वाद घालणाऱ्याने ती थोडी मोठ्याने म्हणावी.

कलम ८. मी गेले तर बेकरी एक दिवस बंद ठेवावी, जास्त नाही. लोकांना सकाळी पाव लागतो. ज्यांना रडायचे असेल त्यांनी पिठापासून लांब उभे राहून रडावे. त्यातले पाणी मोजून घातलेले असते, आणि मीठही.

हे सगळे मी वाचून, समजून, हसत आणि दोनदा नाक पुसून लिहिले आहे, आणि त्याखाली सही करते.

ठिकाण: बेकरीच्या वर, खिडकीजवळचा पलंग.
तारीख: शेक संपल्यानंतरचा दुसरा गुरुवार, दुपारचे पाव निघाल्यावर.

(सही) पाववाल्या काकू

साक्षीदार पहिले: (सही) चष्मेवाले
साक्षीदार दुसरे: (सही) धाकटी जाऊ

ता. क. वरची दुसरी सही पीठवाल्यांची व्हायची होती. ती कशी झाली नाही ते लिहिणे भाग आहे.

वकीलबाईंसमोर मी सही केली, चष्मेवाल्यांनी केली. पीठवाले चष्म्यासाठी खिसे चाचपत होते आणि चष्मेवाले त्यांना नवा घ्यायचा आग्रह करत होते. तेवढ्यात धाकटी चहाचा ट्रे घेऊन आली. तिने ट्रे ठेवला, माझ्या हातातले पेन काढून घेतले आणि ठसठशीत अक्षरांत सही ठोकली.

"अहो, तुम्ही नाही!" वकीलबाई ओरडल्या. "तुमचं कलमच गेलं आता!"

"माहीत आहे," धाकटी म्हणाली. "तुम्ही नियम सांगत होता तेव्हा मी दाराआड होते."

"अगं वेडे," मी म्हटले, "भट्टी गेली ना तुझी!"

"जाऊ दे. भट्टी मला मिळणार म्हणजे तुम्ही जाणार. नकोय मला. आणि मीठ वाढवायचंच असेल ना ताई, तर तुमच्याशी भांडून वाढवीन. तुमच्या मागे वाढवून कोणाला दाखवू?"

मग आमचे हे, जे वर्षातून एकदा मत देतात, म्हणाले, "बरोबर आहे तिचं."

वकीलबाईंच्या मते मृत्युपत्र पक्के आहे, फक्त कलम सहा बाद. ते हवे असेल तर सगळे नव्याने लिहून पुन्हा सह्या कराव्या लागतील, आणि त्यांना सवड मोठ्या तपासणीनंतरच आहे. तोवर मला कुठेही जाता येणार नाही, असे धाकटीने माझ्यासमोर देवालाही बजावले आहे. पुढच्या वेळी सह्या होईपर्यंत तिला खाली भट्टीपाशी अडकवून ठेवायचे काम मुलीने करावे.

सगळे खाली गेल्यावर धाकटी वाटीत पिठाची चिमूट घेऊन आली, सवयीने. मीही सवयीने जिभेवर ठेवली, आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा जिभेच्या टोकाला काहीतरी लागले. मीठच होते. जरा कमी वाटले.

हा कागद धाकटीच्या हाती लागू देऊ नये.

(पुन्हा सही) पाववाल्या काकू